न उजाडलेला शुक्रवार

फुआतीनोबाईंच्या नोंदवहीतलं एक पान खोटं निघालं, आणि ते खोटं आहे हे बाईंनीच भर कोर्टात उभं राहून सांगितलं. गोष्ट एवढीच आहे. पण समोआची राजधानी आपिआ, तिथल्या कोर्टात आजही कुणी कागदावर घाईघाईने तारीख टाकायला लागला, की शेजारचा म्हणतो, "जपून रे, उजाडलीय का ती?" मग दोघं हसतात.

बाई दिवाणीच्या खिडकीवर बसायच्या. एकतीस वर्षं तीच खिडकी, तीच खुर्ची, खुर्चीवर स्वतः विणलेली तीच चटई. आलेला अर्ज घ्यायचा, पानं मोजायची, तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत एक ओळ लिहून सही करायची. काम म्हटलं तर एवढंसं. पण भलेभले वकील त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहत. चार वाजून एक मिनिटाने धापा टाकत आलेल्या वकिलाला त्या फक्त भिंतीवरचं घड्याळ दाखवायच्या आणि म्हणायच्या, "उद्या ये बाळा. आज संपला."

नोंदवही जाड बांधणीची. तिच्यात वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पान, मग कोर्ट उघडं असो की बंद. बंद असेल त्या दिवशी 'काहीही दाखल नाही' असं लिहून खाली सही. आता रविवारी या बेटांवर पान हलत नाही, सगळा देश चर्चमध्ये आणि चर्चमधून थेट जेवणावर. रविवारच्या एका ओळीसाठी कोण कचेरी उघडणार? म्हणून बाई रविवारचं पान शुक्रवारीच सही करून टाकत. त्यांच्या आधीचा कारकून असंच करायचा, आणि त्याच्या आधीचाही. रविवारचं झालं की सणाचं, सणाचं झालं की नाताळच्या सुट्टीचं. सवय ही अशी, बोट दिलं की हात धरते.

त्या वर्षी सरकारने सगळा देश दिनांकरेषेच्या पलीकडे न्यायचं ठरवलं होतं. व्यापार सगळा न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी आणि आपण त्यांच्या एक दिवस मागे. आपला शुक्रवार तेव्हा त्यांचा शनिवार, ते समुद्रावर. त्यांचा सोमवार तेव्हा आपला रविवार, आपण चर्चमध्ये. आठवड्यातले दोन दिवस असे वाया. मग ठरलं, एक दिवस गाळायचा. गुरुवारी, एकोणतीस डिसेंबरला, लोक झोपले ते शनिवारी एकतीसला उठले. मधला शुक्रवार आलाच नाही. पंचांगात तिथीचा क्षय होतो, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण इथे चांगला धडधाकट वार तारखेसकट गेला. त्या दिवशी वाढदिवस असलेली माणसं तोंड पाडून बसली आणि ज्यांचं देणं त्या दिवशी होतं ती खूश झाली. बाकी सगळं जसंच्या तसं. नारळ पडायचे तसे पडत राहिले.

बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. परिपत्रक त्यांनीच फलकावर टाचणीने लावलं होतं. पण बावीस डिसेंबरला नाताळच्या सुट्टीआधी त्या पानं भरायला बसल्या, आणि परिपत्रक डोळ्यांनी वाचलेलं होतं, हाताने नव्हतं. हात आपला तोच, एकतीस वर्षांचा. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस करत तो तीसवर आला, 'शुक्रवार, काहीही दाखल नाही' असं लिहिलं, सही केली आणि पुढे गेला.

आता वाईमोए गावाचं सांगायला हवं, कारण ते पान त्यांच्या मुळावर येणार होतं.

वाईमोए दक्षिण किनाऱ्यावर आहे. तिथे ओहोटी लागली की काळ्या खडकांच्या बेचक्यातून गोडं पाणी उसळून येतं, थंडगार, तळाचा खडा न् खडा दिसेल असं. भरती आली की समुद्र त्याच्यावर चढून बसतो आणि झरा दिसेनासा होतो. गावाने पिढ्यानपिढ्या हेच पाणी प्यायलं, बाळांना पहिली आंघोळ याच पाण्याने घातली. शेजारी एक हॉटेल कंपनी आली. जागेचा करार झाला. करारात असं होतं की भांडण झालंच तर कोर्टात न जाता दोघांनी मिळून एक पंच नेमायचा, लवाद म्हणतात तो, आणि त्याचं ऐकायचं. भांडण व्हायचं तेच झालं. कंपनीला झऱ्याभोवती भिंत घालून पाहुण्यांसाठी तलाव करायचा होता, गाव म्हणालं पाणी आमच्या पिण्याचं.

लवाद ऑकलंडचा निवृत्त इंजिनिअर होता. माणूस वाईट नसावा. पण एका दुपारी तो कंपनीच्या गाडीत बसून, गावाला न कळवता, झरा बघायला गेला. ऐन भरतीला. ओंजळ भरून पाणी चाखलं, थू केलं आणि निवाड्यात लिहून मोकळा झाला: 'पाणी खारट आहे. ते पिण्यासाठी वापरलं जातं हे गावाचं म्हणणं मला पटत नाही.' सहा तास थांबला असता तर त्याच ओंजळीत गोडं पाणी आलं असतं. गावातलं शेंबडं पोरही त्याला ते सांगू शकलं असतं, पण गावाला विचारलंच कुणी नाही.

लवादाच्या निवाड्यात कोर्ट सहसा हात घालत नाही. तुम्हीच पंच निवडलात, आता चावला म्हणून आमच्याकडे येऊ नका, असा हिशोब. पण पंचाने एका बाजूला अंधारात ठेवून काम केलं असेल तर कोर्टाचं दार उघडतं. मात्र ते ठराविक दिवसच उघडं राहतं. या करारात लिहिलं होतं: निवाडा हातात पडल्यापासून चाळीस दिवस. त्यानंतर भिंत उठली तरी तक्रार नाही.

निवाडा गावाच्या हातात पडला तो दिवस होता गुरुवार, एक डिसेंबर.

आणि अकरा जानेवारीच्या बुधवारी, सकाळी नऊच्या ठोक्याला, एक उंच म्हातारी फुआतीनोबाईंच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. अंगात फुलाफुलांचं पुलेतासी, केसांत कंगवा खोचलेला, एका काखेत कागदांचं भेंडोळं आणि दुसऱ्या काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. ही सीउपोलू, गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. अर्जावर गावच्या सगळ्या मताईंच्या, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. त्यातले दोघे सवाईच्या बेटावर अडकले होते आणि समुद्र खवळल्याने तीन दिवस बोट नव्हती, म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत थांबावं लागलं होतं.

बाईंनी पानं मोजली. निवाड्याची तारीख बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आजी, मुदत काल संपली. आज एकेचाळिसावा दिवस."

"एकेचाळिसावा कुणाचा?" म्हातारी म्हणाली. "माझा तर चाळिसावा चाललाय."

"अहो आजी, हे बघा, कॅलेंडर बघा."

"कुठल्या गावचं आहे ते?" असं म्हणून तिने डबा खिडकीच्या फळीवर ठेवला आणि झाकण काढलं. आत प्रवाळाचे पांढरे खडे होते, समोआत घराच्या जमिनीवर अंथरतात तसले. "निवाडा आला तेव्हा पोरींना म्हटलं, मला वाचता येतं पण विसरायला होतं. मोजते माझ्या पद्धतीने. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली, प्रार्थना झाली, की एक खडा आत. मोज."

"आजी, मागे रांग आहे."

"रांग आहे म्हणूनच म्हणते, लवकर मोज."

रांगेतले दोन वकील फिदीफिदी हसले. बाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि ते हसू जागच्या जागी विरलं. मग काय वाटलं कोण जाणे, बाईंनी खडे मोजले. एकोणचाळीस भरले.

"आणि हा," म्हातारीने मूठ उघडली. तळव्यावर एक खडा होता. "आजचा. आज संध्याकाळी टाकायचा."

"पण एक कमी कसा येतो? दोन डिसेंबर ते दहा जानेवारी म्हणजे चाळीस संध्याकाळी..."

"गुरुवारी घंटा झाली, खडा टाकला. मग शनिवारी घंटा झाली, खडा टाकला. शुक्रवारी घंटा झालीच नाही गं बाई. तुझ्याकडे झाली का?"

फुआतीनोबाईंनी शेवटचा खडा डब्यात परत ठेवला. त्या स्वतः चर्चमधल्या जुन्या, घंटेला घाबरणाऱ्या. त्यांच्या वस्तीतही त्या शुक्रवारी घंटा झाली नव्हती. देशाने दिवस गिळला, मंत्र्यांनी भाषणं केली, रेडिओने गाणी लावली, आणि तो दिवस कुठून वजा झाला हे नेमकं ठाऊक होतं ते या बिस्किटाच्या डब्याला. बाईंना भीती वाटली आणि फार फार नवल वाटलं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला, अकरा जानेवारी.

"आत घ्यायचं की नाही ते न्यायाधीश ठरवतील, आजी. खिडकी लावून घ्यायचा अधिकार मला नाही."

"तुला कुणी मागितला?" म्हातारी म्हणाली आणि डबा काखोटीला मारून निघून गेली.

कंपनीचा वकील लोरेन्झ. आजोबा जर्मन, आजी इथलीच. बोलायला गोड, कामाला पक्का. त्याने पहिलीच हरकत घेतली ती मुदतीची. अर्ज एक दिवस उशिरा आहे, सबब कोर्टाने तो उघडूसुद्धा नये. झरा गोडा की खारा, लवाद चुकला की नाही, हे बोलायची वेळच येऊ नये असा डाव. शिवाय माणूस खोलात जाणारा. कोर्टाच्या दप्तरात तीस डिसेंबरबद्दल काय लिहिलंय ते बघावं, म्हणून त्याने नोंदवही मागितली.

बाईंनीच ती खिडकीवर उलटी करून त्याच्यापुढे ठेवली. तो एकेक पान उलटत गेला. आणि त्याचा हात थांबला तेव्हा बाईंना ते पान उलटं दिसलं, पण सही स्वतःची असली की उलटीही ओळखू येते.

'शुक्रवार, ३० डिसेंबर. काहीही दाखल नाही. फुआतीनो.'

"वा," लोरेन्झ हळूच म्हणाला. "याची नक्कल मिळेल ना, बाई?"

नक्कल त्यांनीच काढून दिली, शिक्का मारून, नियमाप्रमाणे.

दुपारी रजिस्ट्रारसाहेबांनी आत बोलावलं. साहेब बाईंच्या हाताखाली शिकलेले, अजून एकांतात त्यांना ताई म्हणायचे.

"ताई, ते तुम्हाला साक्षीला बोलावणार. विचारतील, सही तुमची का? तुम्ही म्हणा, हो. विचारतील, नोंदवही तुमच्या ताब्यात असते का? म्हणा, हो. तिथेच थांबायचं. कधी लिहिलं ते कुणी विचारलं नाही तर आपण कशाला सांगायचं?"

"आणि गावाचं?"

"गावाचं त्यांची वकील बघेल ना! मार्चअखेर तुम्ही सुटणार. आगाऊ सही केली म्हणालात तर एकतीस वर्षांची दप्तरं उघडतील. निवृत्तीवेतन लटकेल. कशासाठी? एका डबक्यासाठी?"

घरी नवरा, पेनी. शहर ते विमानतळ बस चालवायचा. जेवायला तारोचे कंद आणि डब्यातला मासा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घास चावत म्हणाला, "पान गहाळ होऊ शकतं. झुरळं फार झालीत हल्ली."

"एकतीस वर्षं झुरळांनी तोंड लावलं नाही, ती नेमकी तीस डिसेंबर खातील?"

"मग गप्प बस. विचारतील तेवढंच सांग. खोटं कुठे बोलतेस?"

"तेच तर, पेनी. खोटं मी बोलणार नाही, पान बोलेल. आणि पान माझ्या हातचं."

पेनी आयुष्यभर थट्टा करत आलेला माणूस, पण हे ऐकून त्याने ताट बाजूला सारलं. "अगं, तू रविवारच्या सह्या केल्यास त्यात कुणाचं काय गेलं?"

"आजवर काही गेलं नाही. आता एका गावाचं पाणी जाईल."

तेवढ्यात वस्तीतली घंटा झाली. घंटा म्हणजे झाडाला टांगलेलं रिकामं गॅसचं नळकांडं. दोघं चटईवर बसले, नेहमीची प्रार्थना म्हटली. प्रार्थना संपल्यावर बाईंचं लक्ष घरातल्या जमिनीकडे गेलं, चटईच्या कडेने दिसणाऱ्या पांढऱ्या खड्यांकडे. त्यांना मनातून लाज वाटली. आपण शिकलेलो, शिक्केवाले, आणि आपल्यापेक्षा त्या म्हातारीचं दप्तर चोख.

सुनावणी एक मार्चला होती. वाईमोएतले चाळीसएक लोक आले होते, निम्मे बाहेर व्हरांड्यात. न्यायाधीशबाई बारीक अंगाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या.

गावाची वकील मालीए नावाची तरुण मुलगी होती. तिने सीउपोलूला उभं केलं. म्हातारीने शपथ घेतली आणि विचारायच्या आधीच डबा न्यायाधीशबाईंसमोर ठेवला.

"मोजा," ती म्हणाली.

मालीए लाल झाली. "आजी, कोर्टाला असं सांगायचं नसतं."

"राहू दे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी डबा कलता केला आणि मोजायला लागल्या. कारकुनाकडे दिला नाही, स्वतः मोजले. एकेक खडा लाकडावर ठेवताना टक् असा आवाज व्हायचा. व्हरांड्यातली माणसंही खिडक्यांना चिकटून मनातल्या मनात मोजत होती. त्या खोलीत त्या दिवशी हजर असलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल, की एकेका खड्याबरोबर एकेक संध्याकाळ समोर येऊन बसत होती. अठ्ठाविसाव्या खड्याशी गुरुवार संपला आणि एकोणतिसावा पडला तो शनिवारचा. मध्ये न्यायाधीशबाईंचं बोट किंचित थांबलं.

"एकोणचाळीस," त्या म्हणाल्या.

"चाळिसावा त्या दिवशी संध्याकाळी टाकायचा होता," सीउपोलू म्हणाली. "पण अर्ज दिला होता, मग टाकला नाही. तो घरी आहे. निकाल लागला की बघू."

लोरेन्झ उठला. त्याने थट्टा केली नाही. अदबीने म्हणाला, "आजींच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण मुदत तारखांनी मोजतात, खड्यांनी नाही. तीस डिसेंबर नव्हता असं म्हणतात. सरकारने त्या दिवसाचा पगार दिला. आणि या कोर्टाच्या स्वतःच्या नोंदवहीत तो दिवस आहे, सहीशिक्क्यासह. कोर्ट स्वतःची नोंदवही नाकारणार का?"

फुआतीनोबाईंना बोलावलं. सव्वीस पावलं होती खिडकीपासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत, त्यांनी हजारदा मोजलेली. त्या दिवशी ती संपेनात.

"ही सही तुमची?"

"माझी."

"नोंदवही तुमच्याच ताब्यात असते?"

"हो."

"त्या दिवसाचा पगार तुम्ही घेतलात?"

"घेतला."

"मग दिवस होता म्हणायचा."

"पगार होता," बाई म्हणाल्या. "दिवस नव्हता."

कोर्ट हसलं. लोरेन्झही हसला आणि खाली बसायला लागला, कारण त्याचं काम झालं होतं. सही होती, नोंदवही होती. कोपऱ्यातून रजिस्ट्रारसाहेब बाईंकडे बघत होते, उतरा आता, उतरा. बाईंनी पिंजऱ्याचा कठडा धरला. खाली सीउपोलू बसली होती, रिकामा डबा मांडीवर घेऊन.

"मला आणखी सांगायचंय," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला विचारलेलं नाही," लोरेन्झ पटकन म्हणाला.

"मी विचारते," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "हे पान कधी लिहिलंत?"

"बावीस डिसेंबरला. दिवस यायच्या आठ दिवस आधी." बाई न्यायाधीशबाईंकडे वळल्या. "सुट्टीची पानं मी आधीच सही करून ठेवते. रविवारचीही. एकतीस वर्षं करतेय. काहीही दाखल होणार नाही हे ठाऊक असतं म्हणून लिहून टाकते. तो शुक्रवार येणार नाही हे मला माहीत होतं, परिपत्रक मीच लावलं होतं. तरी हाताने लिहिलं. ते पान खोटं आहे. या आजींचा डबा खरा आहे. माझ्या वहीत आधी सही होते आणि मग दिवस येतो. त्यांच्याकडे आधी दिवस येतो, घंटा होते, प्रार्थना होते, आणि मग खडा पडतो. नोंद तशी करायची असते. मला ते एकतीस वर्षांनी कळलं."

एवढं बोलून त्या रडल्या. आपिआतल्या एकाही वकिलाने त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. कुणी तरी पाण्याचा पेला दिला. लोरेन्झ उभाच होता. काही विचारायचंय का, असं न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं. त्याने नोंदवही मिटली आणि तो म्हणाला, "नाही. काही नाही." मग, अगदी हळू, "आभारी आहे, बाई." तो कशाबद्दल आभारी होता ते त्यालाच माहीत.

निकाल जेवणानंतर दिला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कायदा माणसाला दिवस देतो तो वापरायला देतो. जो दिवस या देशात कुणाच्याच वाट्याला आला नाही, तो या गावाच्या मुदतीतून कापता येणार नाही. अर्ज चाळिसाव्या दिवशी आला, वेळेत आला. हरकत फेटाळली. पुढे त्या म्हणाल्या, झऱ्यावर हक्क कुणाचा हे मी सांगणार नाही, तुम्ही पंच नेमायचं ठरवलंत तर पंचानेच सांगावं. पण एका बाजूच्या पाठीमागे पाणी चाखून केलेला निवाडा उभा राहू शकत नाही. तो मी रद्द करते. नवा पंच नेमा. त्याने दोघांना बरोबर घेऊन जावं, आणि झरा दिसेल अशा वेळी जावं.

शेवटी त्यांनी नोंदवही मागवली आणि बाईंना लाल पेन दिलं. सगळ्यांच्या देखत बाईंनी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'हा दिवस इथे उजाडला नाही.' मग सही केली आणि तारीख घातली, त्याच दिवसाची.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. चौकशी लागली. दोन कारकून तीन आठवडे बाईंचे एकतीस वर्षांचे रविवार तपासत बसले, सोळाशेच्या वर. एकाही रविवारी काही दाखल झालेलं सापडलं नाही. निवृत्तीवेतन वाचलं, पण ताकीद मिळाली, लेखी. बाईंनी ती घडी करून बायबलमध्ये ठेवली आणि पेनीने त्यावरून थट्टा केली नाही.

नोकरीचा शेवटचा दिवस आला एकतीस मार्च, नेमका शनिवार. शुक्रवारी निरोपाचा केक कापून झाल्यावर साहेब म्हणाले, "ताई, उद्याच्या पानावर आत्ताच सही करून टाका ना. एका ओळीसाठी कुठे येता?" म्हणाले आणि स्वतःच जीभ चावली. शनिवारी सकाळी बाई आल्या. पेनीने रिकामी बस दारात उभी केली. पहारेकऱ्याने कुलूप काढलं. त्यांनी वही उघडली, खिडकीतून उन्हाकडे एकदा नीट बघितलं, आणि मग लिहिलं, काहीही दाखल नाही.

नवा लवाद मे महिन्यात आला. फिजीकडचा, निवृत्त शाळा-तपासनीस. सीउपोलूने फुआतीनोबाईंना आवतण धाडलं होतं. त्या आणि पेनी पोहोचले तेव्हा ऐन भरती होती. झऱ्याच्या जागी समुद्राच्या लाटा उसळत होत्या. काठावर चटया अंथरल्या होत्या. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं आणि लोरेन्झ, मध्ये लवाद.

"किती वेळ लागेल?" लवादाने विचारलं.

"पाणी जाईल तेव्हा जाईल," सीउपोलू म्हणाली. "कोको घ्या."

सगळे बसले. ऊन चढलं आणि कललं. कोको झाला, जेवण झालं, कंपनीच्या एका साहेबाला डुलकी लागली. समुद्र आपल्या चालीने मागे सरत होता, त्याला ना कुणाची मुदत होती ना कुणाची हरकत. खडकांची टोकं दिसली, मग खांदे. आणि मग काळ्या खडकाच्या बेचक्यातून पाणी वर आलं, स्वच्छ, गार, आवाज न करता, कुणी बोलावलेलं नसताना. हे रोज होत होतं. फुआतीनोबाई खिडकीत बसून शिक्के मारत होत्या त्या एकतीस वर्षांत रोज दोनदा हे इथे होत होतं, आणि एका रेघेच्या फरकाने ते भिंतीआड गेलं असतं.

लवाद गुडघ्यावर बसला आणि ओंजळीने प्यायला. पुन्हा प्यायला. मग मागे वळून त्याने लोरेन्झला खूण केली, आणि लोरेन्झही बूट काढून खाली उतरला आणि प्यायला. भिंत होणार नाही हे महिन्याभराने कागदावर आलं, पण गावाला ते तेव्हाच कळलं.

सीउपोलूने नारळाच्या करवंटीत पाणी भरून बाईंना दिलं. बाई प्यायल्या. म्हातारीने पदराच्या गाठीतून काढावं तसं कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या घडीतून काही तरी काढलं. चाळिसावा खडा. त्यांच्या हातावर ठेवून तिने त्यांची मूठ मिटली.

"तारीख काय गं आज?" तिने विचारलं.

"बारा मे. शनिवार."

"नक्की?"

"हो आजी," बाई म्हणाल्या. "आज उठून बघितला मी तो."